गार्सिनॉल सालीत, सरबतात नाही

कोकम सरबतातल्या गार्सिनॉल या द्रव्याने पोटातले जंतू मरतात, असं काहीजण म्हणतात. गार्सिनॉल जंतुरोधक आहे हे मान्य. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूवरही प्रयोगशाळेत त्याचा परिणाम दिसलाय. पण कोकमाच्या सालीतलं हे पिवळं द्रव्य तेलात, अल्कोहोलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. सरबतात उतरतो तो अँथोसायनिनचा लाल रंग आणि हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा आंबटपणा.

आमच्या मालवणात आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वर्षभर बरणीत राहतं ते या आम्लामुळे आणि मुख्य म्हणजे भरपूर मिठामुळे. मीठ कमी पडलं की वर बुरशी धरतेच. सोलकढी, सरबत उन्हाळ्यात जरूर प्या, त्यासारखं दुसरं काही नाही. पण जुलाब लागलेल्या पोराला कृपा करून नुसत्या सरबतावर ठेवू नका. मीठ-साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांकडे न्या.