तंजावर ‘आपलं’ होतं म्हणजे नक्की काय होतं?

मुक्कामपोस्ट_कोल्हापूर
शिलेदार यांची कालची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बृहदीश्वराचं देऊळ मराठ्यांनी राखलं, तंजावरवर 180 वर्षं भगवा होता, आणि आज तिथला गाईड भोसल्यांचं नावसुद्धा घेत नाही, हा तमिळ लोकांचा कृतघ्नपणा.

अहो, ते देऊळ 1010 साली पुरं झालं. बांधलं पहिल्या राजराज चोळाने. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे पोचले 1675च्या सुमारास. मधली साडेसहाशे वर्षं देऊळ काय आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं? समोरचा तो भला थोरला नंदी नायकांच्या, म्हणजे मराठ्यांआधी तिथे राज्य करणाऱ्या घराण्याच्या, काळातला. गाभाऱ्याभोवती चोळांनी काढलेली चित्रं नायकांनी स्वतःच्या चित्रांखाली झाकली, ती थेट 1931 साली पुन्हा उजेडात आली. तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांनी 1803 साली भोसले कुळाचा इतिहास तिथल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. मी तो पाहिलाय, ऊरही भरून आला. पण दुसऱ्याच्या भिंतीवर वंशावळ कोरली म्हणून भिंत आपली होत नाही.

आणि भगवा? व्यंकोजी गेले ते विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून. 1677 साली थोरले महाराज, म्हणजे शिवाजीराजे, दक्षिणेत उतरले तेव्हा या भावाकडे वडिलांच्या जहागिरीतला वाटा मागावा लागला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी न सांगता छावणीतून निघून गेले. पोस्टमध्ये हे कसं नाही?

शिलेदार
ताई, भाऊबंदकी कुठल्या घरात नसते? कोल्हापूरकरांनी सातारकरांबद्दल बोलावं का?
मुद्दा हा की आमच्या शाळेच्या पुस्तकात तंजावरला दीड ओळ होती. दीड! आजही 88 देवळांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे, बृहदीश्वर त्यातलंच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं, संस्कृत पोथ्या, मोडीचे गठ्ठेच्या गठ्ठे. ते सांभाळलं कोणी? आणि पहिलं मराठी नाटकसुद्धा तंजावरचंच, सांगलीच्या नाटकाच्या दीडशे वर्षं आधी. बसा आता.

अर्धवटराव
देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात. ही चोळांची करामत की मराठ्यांची?

मुक्कामपोस्ट_कोल्हापूर
@अर्धवटराव कोणाचीच नाही. सावली व्यवस्थित पडते. दुपारी चारला फरशी तापलेली असताना आमचं सगळं कुटुंब त्याच सावलीत बसून दहीभात खात होतं आणि शेजारी एक गाईड ‘सावली पडत नाही’ असं छातीठोक सांगत होता. तोही सावलीतच उभा होता.

सांगलीचा_पठ्ठ्या
थांबा. ‘पहिलं मराठी नाटक तंजावरचं’ हे वाक्य असंच सोडून देणार आहात का सगळे?
1843, सांगली, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर. 5 नोव्हेंबरला उभा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो तो उगाच नाही. तंजावरच्या शाहराजांचं, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाचं, लक्ष्मीनारायणकल्याण हे नाटक पोथीत होतं. सरस्वती महालातल्या कपाटात. त्याला रंगभूमी म्हणत नाहीत. भाव्यांनी गावोगाव खेळ लावले, तिकीट लावून मुंबईत केले. लोकांनी पैसे मोजून बघितलं की नाटक होतं.

पदन्यास
पोथीत होतं म्हणे! शाहराजांच्या दरबारात ही नाटकं गाऊन, नाचून होत असत. तिकीट नव्हतं कारण पैसे राजा देत होता. तिकिटावरच ठरवायचं तर ग्रीकांचंही नाटक बाद करा मग.
मी पंचवीस वर्षं भरतनाट्यम् शिकवते. आजच्या मैफलीचा जो क्रम आहे, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी. तंजावरच्या मराठा दरबाराचेच कलावंत. हे सांगितलं की पालक विचारतात, ‘मग लावणी का नाही शिकवत?’ एक तर रडावं किंवा फी वाढवावी.
आणि शिलेदार, आपण येण्याच्या साडेसहाशे वर्षं आधी राजराजाने देवळासाठी चारशे नर्तकी आणून वसवल्या. कोणाचं नाव काय, कुठल्या गल्लीत कितवं घर, सगळं भिंतीवर कोरलेलं आहे. आपल्याकडच्या जुन्या शिलालेखात काय असतं? दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी.

सांगलीचा_पठ्ठ्या
ग्रीकांना कशाला मधे आणता? दरबारात राजाच्या दोनशे माणसांसमोर झालं ते खाजगी. पुढे परंपरा चालली का? तंजावरचं नाटक बघून सांगलीत कोणी नाटक लिहिलं? नाही. म्हणजे आद्यत्वाचा मान सांगलीचाच.

मुक्कामपोस्ट_कोल्हापूर
सांगलीच्या पटवर्धनांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघितले आणि भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं. तंजावरची नाटकं यक्षगानाच्या वळणाची, तुमचीही प्रेरणा यक्षगानाची. दोघंही दक्षिणेचे देणेकरी, मान कसला वाटून घेताय?

सांगलीचा_पठ्ठ्या
प्रेरणा वेगळी, नाटक वेगळं. कोल्हापूरकरांना सांगलीचं काही मोठं झालेलं बघवत नाही, हे जुनंच आहे.

कावेरीकाठ
बराच वेळ वाचतोय. माझे आजोबा कुंभकोणमचे, मी चेन्नईत. आमच्याकडे घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तुम्ही ज्या ‘आपण’बद्दल भांडताय त्यात आम्ही आहोत का, एवढं सांगा. पुण्यात एका लग्नात मी दोन वाक्यं बोललो आणि नवरीकडच्या एका काकूंनी विचारलं, ‘मराठी छान शिकलात हो, किती वर्षं झाली?’ साडेतीनशे, म्हटलं.

शिलेदार, भोसल्यांचं नाव तमिळ लोक घेत नाहीत हे खोटं आहे. सरस्वती महालाबाहेर कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा. बृहदीश्वराच्या 2020च्या कुंभाभिषेकाच्या, म्हणजे देवळाच्या पुनःप्रतिष्ठेच्या, वेळी मंत्र तमिळमध्ये की संस्कृतमध्ये यावर प्रकरण मदुराईच्या खंडपीठापर्यंत गेलं. शेवटी दोन्ही भाषांत झालं. मराठीतही करा म्हणून एकही माणूस कोर्टात गेला नाही, महाराष्ट्रातून तर नाहीच.

पण ताई, तुम्हीही ‘भिंतीवर कोरलं’ एवढ्यावर आटोपलंत. राज्य 1855 साली खालसा झालं, त्यानंतरही रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरात आले, त्यांचं ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी तिथे आजही गातात. हे कोणी तलवारीने नेलं नाही.

शिलेदार
बघा! घरचाच माणूस माझ्या बाजूने बोलला.

कावेरीकाठ
मी तुमच्या बाजूने बोललो नाही.

मुक्कामपोस्ट_कोल्हापूर
हरिकथेचं मान्य, ते लिहायला हवं होतं. बाकी शिलेदारांना एक भेट: 1799च्या करारात सरफोजींनी कारभार इंग्रजांना देऊन टाकला, आणि 1814 साली मल्लिपट्टणमजवळ समुद्राकाठी मनोरा उभारला. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून. पुढच्या चार वर्षांत त्याच इंग्रजांनी पुण्यात पेशवाई बुडवली. तोही मनोरा ‘आपला’ धरायचा ना?

शिलेदार
धरू की. फ्रेंचांपेक्षा बरे होते. ज्याच्या हातात खजिना नाही त्याने काय करायचं होतं, तोफा डागायच्या? त्या माणसाने पोथ्या जमवल्या, डोळ्यांची ऑपरेशनं करवली, रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. हं, देऊळ चोळांचं. घ्या. ‘राखलं’ऐवजी ‘सांभाळायला हातभार लावला’ असं वाचा. आता झोप लागेल?

सांगलीचा_पठ्ठ्या
ते सगळं ठीक आहे, पण ‘पहिलं नाटक’ अजून तुमच्या वरच्या प्रतिसादात तसंच आहे. ते बदला.

पदन्यास
बदलू नका.