कढीपत्त्याची फक्त नवी पानं पिवळी पडतायत, मदत हवी आहे

मंडळी, मुलुंडला चौथ्या मजल्यावर पूर्वेच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता आहे. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, शिरा मात्र ठळक हिरव्या. खालची जुनी पानं ठणठणीत. कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरलीय.

सोसायटीचे माळीकाका म्हणतात, "ताई, खत कमी पडतंय, अजून मूठभर डीएपी टाकू." मला हे पटत नाही. डीएपीत नत्र १८ टक्के, स्फुरद (फॉस्फेट) ४६. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, कारण झाड ते तिथून काढून नव्या पालवीला पुरवतं. मॅग्नेशियमचंही तसंच. लोह मात्र एकदा पानात गेलं की सहसा तिथंच राहतं, म्हणून त्याची उणीव शेंड्याला दिसते. त्यात स्फुरद फार झालं की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना नीट मिळत नाही. काकांना हे सांगणं अवघड, ते डीएपीचे भक्त आहेत!

मातीचा सामू (पीएच) पट्टीवर आठच्या आसपास आला, म्हणजे माती अल्कधर्मी आहे. आता साठलेले क्षार धुऊन जायला कुंडी भरपूर पाण्याने निथळून घेऊ, की माती बदलणंच बरं? ईडीटीएवालं लोह (लोहाला धरून ठेवणाऱ्या रसायनात बांधलेलं, म्हणजे चिलेटेड) सगळीकडे मिळतं, पण एवढ्या सामूच्या मातीत ते टिकत नाही, फवारणीलाच ठीक. मातीत घालायला ईडीडीएचएवालं (तसंच, पण जास्त सामूतही टिकणारं) छोट्या पाकिटात दादर-भायखळ्याकडे कुठे मिळेल? (ताक घाला म्हणू नका, ते सासूबाई सांगून झाल्यात.)