मदत हवी आहे: आभाळ स्वच्छ असलं की गुरू उकळतो, धुरकट असलं की नीट दिसतो. हे उलटं कसं?

नमस्कार मंडळी,

मी कळंबकडचा, मांजरेच्या काठाला आमचं शेत. दिवाळीत १५० मिमी आरशाची डॉबसोनियन दुर्बीण घेतली. चंद्र बघून घरच्यांची हौस फिटली, आता मी आणि गुरू दोघंच उरलोय.

१० डिसेंबरच्या आसपास बोचरं वारं सुटलं होतं. आभाळ धुऊन काढल्यासारखं. व्याधाचा तारा लाल-निळा होत नुसता लुकलुकत होता. दहाला गच्चीवर दुर्बीण लावली, १२० पट केलं, तर गुरू म्हणजे उकळत्या पातेल्याच्या तळाशी पडलेलं नाणं! गुरूवरचे पट्टे मोजायचे तर कडाच थरथरत होती. देवयानी दीर्घिकेचा फिकट पुंजका मात्र त्याच रात्री सहज सापडला.

मग येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळा अमावास्या, शेतात जेवायचा सण. भज्जी-आंबील खाऊन मंडळी घरी गेली, मी आणि मेहुणा शेतातच राहिलो. पलीकडच्या शिवारात पाचट पेटवलेलं, वारं पडलेलं, धूर जमिनीलगत तरंगत होता. देवयानी काही दिसली नाही. दुर्बीण गुंडाळायच्या बेतात होतो, पण एकच्या सुमारास सहज गुरूवर वळवली आणि दोन्ही पट्टे रेघ मारल्यासारखे!

दुर्बिणीत दोष आहे की माझ्यात?

बालाघाटी:
दोष दोघांतही नाही. पण तुम्ही एका दमात जागा, वेळ आणि वारा, तिन्ही बदललंत. आता कशाने फरक पडला कसं कळणार?

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र ती ऊब सोडत बसतो. तुम्ही त्याच उबेतून बघत होतात. शिवाय दहाला गुरू पूर्वेला वीस-पंचवीस अंशांवर असणार. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा अडीचपट हवा तुडवून येतो. एकला तो जवळजवळ माथ्यावर होता. सध्या तो मिथुनेत आहे, आपल्याकडून याहून उंच फारसा जात नाही, त्याचा फायदा घ्या. आणि दुर्बीण घरातून काढून लगेच डोळा लावला होता का? आरसा निवायला तास तरी द्या.

गोदाकाठ:
बालाघाटींचं बरोबर, पण धुराचं कोडं राहिलंच. हवा स्वच्छ असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं. वारं पडलं की रात्री जमीन गार होते, गार जड हवा खाली बसते, वर उबदार थर राहतो. खालची हवा वर जात नाही म्हणून धूर तिथेच अडकतो. त्याच कारणाने हवा घुसळतही नाही. म्हणजे धुराने गुरू सुधारला नाही, दोन्ही एकाच शांत हवेची पोरं. गुरू इतका तेजस्वी की थोडा उजेड धुराने खाल्ला तरी त्याला फरक पडत नाही. देवयानीसारख्या फिकट गोष्टीला पडतो. तिच्यासाठी पाऊस पडून उघडीप झालेली रात्र धरा.

एक युक्ती: ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या. चकतीत वाफेसारखे संथ लोट दिसले तर नळीतली किंवा आरशाची ऊब. एकाच दिशेने भराभर धावणारी लहर दिसली तर वरचं वारं. हिवाळ्यात फार उंचावरून पश्चिमेकडचं जोरदार वारं वाहतं, खाली पान हलत नसलं तरी. त्यावर इलाज नाही, झोपा.

औंढेकर:
आमच्याकडे औंढ्याला लायगो वेधशाळा उभारतायत. त्यांना गुरुत्वीय लहरी पकडायच्या, ढग आले काय नि धूर आला काय! आपल्याला मात्र येळवशीचा धूर.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल गच्चीवरच, पण रात्री एकला, आरसा दीड तास निववून पाहिलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं, तरी शेतासारखं नाही. तारा फोकसबाहेर नेला तर संथ लोटच दिसले; आरसा तर निवलेला, म्हणजे ऊब स्लॅबचीच असावी. सतरंजी अंथरून पाहिली, फार फरक नाही. आता शेतच.

पण तिथे नवी पंचाईत. शेजाऱ्याच्या गव्हाला रात्रीची लाईट आहे. पाणी चालू झालं की अर्ध्या तासात फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या, काचेवर दव. फोमच्या चटईचा पुंगळा करून नळीच्या तोंडाला लावलाय, फाइंडरला आणि डोळा लावायच्या नेत्रिकेला काय करू? हेअर ड्रायर सांगू नका, आमच्या बाजूला रात्री लाईट नसते.