निअरशोअर टीममुळे कंपनीचं कल्चर बिघडत नाही, घट्ट होतं. तुमचं मत काय?

अनघा_डॅलस (धागाकर्ती)

मी डॅलसमधल्या एका मालवाहतूक सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअरिंग मॅनेजर आहे. कुठला ट्रक कुठे आहे, ड्रायव्हर कोण, डिझेलचं बिल कुणाच्या खात्यावर, हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. माणसं तीन ठिकाणी आहेत: डॅलस, पुणे आणि मेक्सिकोतलं ग्वादालाहारा. पुण्याचं ऑफिस कंपनीचं स्वतःचं. ग्वादालाहाराची टीम तिथल्या एका व्हेंडरची, म्हणजे काम बाहेर दिलेलं पण शेजारच्याच देशात. यालाच निअरशोअर म्हणतात.

व्हेंडरचं कंत्राट नूतनीकरणाला आलंय. त्या मीटिंगमध्ये एक वरिष्ठ म्हणाले, "बाहेरची माणसं वाढली की कल्चरची वाट लागते." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

अडचण आली की कुणाला विचारायचं, चूक झाली तर ती बोलून दाखवायची सोय आहे का, निर्णय कशावरून होतात, याला मी कल्चर म्हणते. आमच्याकडे हे सगळं चार जुन्या माणसांच्या डोक्यात होतं. ग्वादालाहाराची एक नवी मुलगी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने भर स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, विचारलं, "गुरुवारी नवं व्हर्जन रिलीज का करत नाही आपण?" कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की एका मोठ्या ग्राहकाचं इंधन कार्डांचं बिलिंग गुरुवारी रात्री बंद होतं आणि पूर्वी एकदा त्यात गोंधळ झाला होता. तो ग्राहक आम्हाला सोडून गेल्यालाही बराच काळ लोटला होता! नियम मात्र चालूच. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक नियमामागचं कारण लिहून ठेवायला लागलो. हे काम आतल्या माणसाने केलं नसतं, कारण त्याला तो प्रश्न पडतच नाही.

आणि हे जमलं ते वेळ एक असल्यामुळे. हिवाळ्यात डॅलस आणि ग्वादालाहाराचं घड्याळ सारखंच असतं. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करणं बंद केलं, त्यामुळे उन्हाळ्यात तासाभराचा फरक पडतो, एवढंच. प्रश्न पडला त्याच क्षणी विचारता येतो. मेल लिहून उद्यापर्यंत थांबायचं असतं तर तिने तो विचारलाच नसता.

हिंजवडी_फेज_तीन

अनघाताई, तुमच्या कंपनीत नाही, पण अशाच तीन ठिकाणांच्या रचनेत मी पुण्याच्या बाजूला आहे. तुम्ही जे सांगता ते खरं असेल, पण ते दोन ठिकाणांपुरतं. तिसऱ्याचं काय?

डॅलसचे हिवाळ्यातले सकाळचे नऊ म्हणजे आमचे रात्रीचे साडेआठ. स्टँडअपला आम्ही हजर असतो. पण निर्णय स्टँडअपमध्ये होत नाहीत, ते तुमच्या दुपारी दोन वाजता होतात, म्हणजे आमच्या मध्यरात्रीनंतर. आमच्याकडे पूर्वी, फक्त अमेरिका आणि पुणे होतं तेव्हा, प्रत्येक गोष्ट लिहावीच लागायची. डिझाइनचा कागद यायचा, आम्ही त्यावर शेरे मारायचो, दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. सावकाश होतं, पण आमचं म्हणणं नोंदलं जायचं. निअरशोअर टीम आली आणि हे हळूहळू बंदच पडलं. आता सकाळी उठून चॅट उघडावं तर मेसेजांची रांग, आणि सगळ्यात खाली एक ओळ: "ठरलं, दुसरा पर्याय घेतोय."

म्हणजे पेरोलवरच्या माणसाला निर्णय नुसता कळवला जातो, आणि व्हेंडरचा माणूस तो घेताना खोलीत असतो. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. पण याला "कल्चर घट्ट झालं" कसं म्हणायचं? एका बाजूची गाठ आवळली आणि दुसरी सुटली.

कोथरूड_ते_कॅरी

निअरशोअरचं कारण खर्च आणि व्हिसा, बाकी काही नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून बाहेरून आणायच्या माणसाच्या नव्या एच-वन-बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागलं. मेक्सिकोच्या इंजिनिअरला व्यापार कराराखालचा वेगळा टीएन व्हिसा मिळतो, त्याला एच-वन-बीसारखी लॉटरी नाही, वार्षिक मर्यादा नाही. कंपन्या ग्वादालाहाराला का जातात ते यात आलं. कल्चरचं कारण नंतर जोडलेलं आहे.

अनघा_डॅलस

@कोथरूड_ते_कॅरी, कारण खर्चाचं असेल, नाकारत नाही. आमच्या फायनान्सवाल्यांनी नक्कीच आधी तेच बघितलं असणार. पण एखादी गोष्ट कशासाठी सुरू झाली आणि तिच्यातून पुढे काय उभं राहिलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ग्वादालाहाराला आयबीएमचा कारखाना १९७५ मध्ये आला तोही काही कल्चरसाठी नाही. आज तिथे इंटेलचं डिझाइन सेंटर आहे, ओरॅकल आहे, चिप आणि सॉफ्टवेअरवर मुरलेली माणसं आहेत. माझ्या टीममधल्या दोघांचे वडील तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत होते.

@हिंजवडी_फेज_तीन, तुमचा मुद्दा वजनदार आहे. त्यावर सावकाश लिहिते.

सदाशिव_पेठी_मनुष्यबळ

मी अमेरिकेत एचआर कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नोकरीचे कायदे पाळले जातात की नाही ते बघायच्या कामात आहे. धाग्यात कंत्राटाचा विषय अजून कुणी काढला नाही, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे.

मायक्रोसॉफ्टमध्ये १९९० च्या दशकात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कंत्राटी लोकांनी दावा लावला, की आम्ही कायम कर्मचाऱ्यांसारखंच काम करतो तर शेअर खरेदीच्या योजनेसारखे लाभ आम्हाला का नाहीत? २००० साली तो दावा सुमारे ९.७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. कॉर्पोरेट वकिलांनी त्यातून घेतलेला धडा असा: कंत्राटी माणसाला आपला वाटेल असं काही करू नका. बॅजचा रंग वेगळा ठेवा, पार्टीला बोलावू नका, कंपनीचा टी-शर्ट देऊ नका, कामाचं मूल्यमापन तुम्ही करू नका, ते व्हेंडर करेल.

गूगलचं उदाहरण घ्या. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे सुमारे १,०२,००० कायम कर्मचारी होते आणि १,२१,००० तात्पुरते व कंत्राटी. त्याआधी, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, कंत्राटी लोकांनी एक खुलं पत्र लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की त्या एप्रिलमध्ये यूट्यूबच्या आवारात गोळीबार झाला, तेव्हा सुरक्षेच्या सूचना फक्त कायम कर्मचाऱ्यांना गेल्या. एकाच इमारतीत, एकाच वेळी, जिवावर बेतलेलं असताना! तिथे घड्याळाचा प्रश्न नव्हता, अंतराचाही नव्हता.

अनघाताईंचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. पण मॅनेजरच्या चांगुलपणावर उभं असलेलं कल्चर तो मॅनेजर बदलला की संपतं. ग्वादालाहाराच्या त्या मुलीला उद्या व्हेंडरने दुसऱ्या क्लायंटकडे हलवलं तर तुम्ही काय कराल? तुमच्या हातात काही आहे का?

वूचची_ट्राम

सहमत आणि असहमत, दोन्ही. मी पोलंडमध्ये वूच शहरात एका भारतीय कंपनीच्या सेंटरमध्ये काम करते. निअरशोअर म्हटलं की आपण भारतीय स्वतःला नेहमी "काम हातचं गेलेली बाजू" समजतो, पण हा धंदा भारतीय कंपन्याच केव्हाच्या करतायत. टीसीएस २००१ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टला गेली, २००२ मध्ये उरुग्वेतल्या मोंटेव्हिडिओला. इन्फोसिसला वूच मिळालं ते २००७ मध्ये, फिलिप्सचं बॅक ऑफिस विकत घेतलं तेव्हा. म्हणजे जर्मन किंवा डच क्लायंट, पोलिश कर्मचारी आणि वर भारतीय मॅनेजमेंट.

अशा ठिकाणी कल्चर कुणाचं, हा प्रश्न रोज पडतो. माझ्या शेजारच्या पोलिश बाईंना मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी "जरा बघून ठेवाल का" म्हटलं की त्या शांतपणे "सोमवारी" म्हणतात आणि उठतात. सुरुवातीला आमच्यातल्या काहींना हा उर्मटपणा वाटला. आता आम्हीही तसंच करतो, आणि सोमवारपर्यंत कुणाचं काही अडत नाही. बाहेरच्या टीमने कंपनीला काय द्यावं, तर हे. मूळ कंपनीच्या सवयी त्यांनी उचलाव्यात एवढीच अपेक्षा असेल तर त्याला कल्चर म्हणू नका.

टेकडीवरचा

अंतराबद्दल थोडं. एमआयटीतल्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनिअर किती वेळा एकमेकांशी बोलतात ते टेबलांमधल्या अंतरासह मोजलं. साधारण ५० मीटरच्या पुढे बोलणं जवळजवळ संपतं, असं त्यांना दिसलं. मग डॅलस आणि ग्वादालाहारा "जवळ" कसे? फोन आणि व्हिडिओच्या जगात फरक पडतो तो दिवसातले किती तास दोघं जागे आहेत याने. त्या अर्थाने अनघाताई बरोबर आहेत, आणि त्याच कारणाने फेज तीनही बरोबर आहेत.

जाकारांदा

मी स्वतः ग्वादालाहारात आहे, भारतीय कंपनीने पाठवलेला. दोन गोष्टी.

एक, कायद्याची. मेक्सिकोने एप्रिल २०२१ मध्ये नुसती माणसं पुरवायची कंत्राटं बंद केली. आता बाहेरून घ्यायच्या त्या विशेष सेवा, त्याही इथल्या ग्राहक कंपनीच्या मुख्य व्यवसायाबाहेरच्या, आणि पुरवणाऱ्याने सरकारी नोंदणी करून. यामागचं एक कारण असं: इथे नफ्यातला १० टक्के वाटा कामगारांना द्यावा लागतो. तो चुकवण्यासाठी कित्येक कंपन्या माणसं नफा नसलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या नावावर ठेवत. त्यामुळे इथल्या माणसाला "तुम्ही आमच्याच कुटुंबातले" म्हटलं की तो आधी विचारतो, माझी नोंद कुणाकडे आहे? फार रास्त प्रश्न आहे तो.

दुसरी गोष्ट नोव्हेंबरची. इथे एक आणि दोन नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. ऑफिसात वेदी मांडतात, तिच्यावर झेंडूच झेंडू. (अवांतर: आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.) आमच्या वेदीवर लोक आपापल्या गेलेल्या माणसांचे फोटो ठेवतात. एका वर्षी अमेरिकेतल्या क्लायंटच्या एका मॅनेजरने आपल्या आईचा फोटो मेलने पाठवला आणि विचारलं, हाही ठेवाल का? ठेवला. पुढच्या वादांमध्ये त्या माणसाशी बोलताना इथल्या पोरांचा सूर बदललेला मी पाहिलाय. ते उघडपणे "नाही" म्हणायला लागले. याआधी ते "हो, बघतो" म्हणून गप्प बसायचे.

त्यामुळे अनघाताईंच्या बाजूने मत. पण सदाशिव पेठींचा मुद्दा तसाच राहतो: त्या पोरांपैकी दोघं वर्षाच्या आत व्हेंडरने दुसरीकडे हलवली.

अनघा_डॅलस

वाचतेय सगळं. बाहेरची टीम कल्चर मजबूत करते, हे माझं मत कायम आहे. पण ते आपोआप होत नाही, कंत्राटात लिहिलं तर होतं. या नूतनीकरणात मी हे मागणार आहे: आम्हाला विचारल्याशिवाय माणूस हलवायचा नाही, दोन वर्षांनी त्याची इच्छा असेल तर कंपनीच्या पेरोलवर घ्यायची मुभा, व्हेंडरला ठरलेलं शुल्क देऊन, आणि डॅलसच्या दुपारी झालेला कुठलाही डिझाइनचा निर्णय पुण्याची सकाळ उलटेपर्यंत पक्का धरायचा नाही. शेवटच्या मागणीला आमचे प्रॉडक्टवाले कडाडून विरोध करणार, हे मला माहीत आहे.

हिंजवडी_फेज_तीन

शेवटची मागणी कंत्राटात कशी येईल? पुणे तर तुमचंच ऑफिस आहे. ती व्हेंडरकडे मागायची गोष्ट नाही, तुमच्या व्हीपीकडे (व्हाइस प्रेसिडेंटकडे) मागायची आहे. आणि सकाळ उलटेपर्यंत थांबून पुरणार नाही. आठवड्यातून एकदा तरी तुमची रात्र आणि आमची सकाळ अशी मीटिंग ठेवा. इतकी वर्षं रात्रीचे साडेआठ आम्हीच बघतोय.