पेटंटात तिसरं नाव घातलं तर जुनी तारीख जाते काय?

उद्यमबागकर:
मंडळी, जरा अडकलोय. पातळ बुश (नळीसारखा भाग) लेथच्या चकात, म्हणजे जॉच्या पकडीत, आवळून बोअर (आतलं भोक) मारला आणि जॉ सोडला की बोअर गोल राहतच नाही, लेथवर काम केलेल्याला सांगायला नको. मी बेळगावचा आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून त्यावर एक फिक्श्चर (काम पकडून ठेवायचं साधन) काढलं आणि आठ महिन्यांपूर्वी दोघांच्या नावानं प्रोव्हिजनल (तारीख राखून ठेवणारा पहिला, कच्चा पेटंट अर्ज) टाकलं. मधे इथल्याच एका कॉलेजातल्या सरांनी बघितलं आणि म्हणाले मागं स्प्रिंगची चकती घाला, घातली आणि खरंच लई फरक पडला. आता कम्प्लीटमध्ये (नंतरच्या पूर्ण अर्जात) ती चकती घालायची तर सर म्हणतात माझं नाव पायजे, भाऊ म्हणतो नाव वाढवलं की आपली तारीख गेली. आणि आमच्या फिटरनं सगळं हातानं बनवलंय, त्याचं पण नाव लागतं काय?

फाईलवाली:
दादा, नावामुळं तारीख जात नाही. तारीख प्रत्येक क्लेमची (ज्यावर हक्क सांगता त्या प्रत्येक मुद्द्याची) वेगळी असते, पेटंट कायद्याचं कलम 11. जे प्रोव्हिजनलमध्ये आहे त्याला जुनी तारीख, चकतीच्या क्लेमला कम्प्लीट टाकाल त्या दिवसाची. सरांची कल्पना क्लेममध्ये येणार तर नाव घालावंच लागतं, फॉर्म 5 मध्ये वाढीव इन्व्हेंटरच्या संमतीची वेगळी जागाच दिलीय. फिटरनं तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलं असेल तर तो इन्व्हेंटर नाही, स्वतःच्या डोक्यानं काही बदललं असेल आणि ते क्लेममध्ये असेल तर मात्र आहे. 12 महिन्यांच्या आत कम्प्लीट गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, म्हणजे तुमच्याकडं चारच महिने.

निपाणीवाला:
सरांकडून असाइनमेंट (हक्क तुमच्या नावे करून दिल्याचा कागद) सही करून घ्या बरं का. आमच्या एफईआरमध्ये (पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल) प्रूफ ऑफ राइट, म्हणजे अर्ज करायच्या हक्काचा पुरावा, नाही म्हणून ऑब्जेक्शन आलं, उत्तराला 6 महिने आणि आमचा तिसरा माणूस तोवर दुबईला. परीक्षक काही कल्पना कुणाची हे शोधत बसत नाही, कागद बघतो. भांडण निघतं ते कुणी ऑपोझिशन (पेटंटला हरकत) टाकलं की. असाइनमेंट नको आणि सरांना अर्जदारच करायचं म्हटलं तर करार लिहा, नाहीतर कलम 50 प्रमाणे तिघांचा सारखा वाटा, आणि कुणाला लायसन्स द्यायचं तर तिघांची मंजुरी. सरांच्या नोकरीच्या अटी पण बघा, कॉलेजचाच हक्क निघाला तर? आणि अर्ज चेन्नईला की मुंबईला ते पहिल्या अर्जदाराच्या पत्त्यावर ठरतं, भावाचं नाव वर असेल तर मुंबई, तुमचं असेल तर बेळगाव कर्नाटकात म्हणून चेन्नई.

फाईलवाली:
बरोबर. बाहेरच्या देशात पेटंट घ्यायचा विचार असेल तर नाव वाढण्यापेक्षा गळणं जास्त महाग. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचं क्रिस्परचं (जीन कापायच्या तंत्राचं) युरोपियन पेटंट त्यातच गेलं, अमेरिकन प्रोव्हिजनलवरच्या एका संशोधकाचा हक्क पुढच्या अर्जात आलाच नाही, प्रायॉरिटी (जुनी तारीख) गेली, मधल्या काळात छापलेले संशोधन पेपर आडवे आले. 2018 ला रद्द, 2020 ला अपीलही फेटाळलं. 2023 पासून तिकडं थोडं सैल झालंय, पण त्या भरवशावर राहू नका. आणि प्रोव्हिजनलनंतर तुम्ही ते फिक्श्चर कुठं दाखवलंय काय?

उद्यमबागकर:
भावानं यूट्यूबवर टाकलाय ओ, दोन महिने झाले. चकतीसकट.

फाईलवाली:
अरे देवा. प्रोव्हिजनलमध्ये होतं तेवढ्याला कलम 33 चं छत्र आहे, म्हणजे मधे जाहीर झालं तरी आडवं येत नाही, चकतीला ते नाही. आता डिलीट करून उपयोग नाही, लोकांनी बघून झालं. चकती आत कशी बसवलीय ते कळतंय की नुसती बाहेरून दिसते, सगळं त्याच्यावर आहे. लिंक पाठवा, आणि भावाला दुसरा टाकू नको म्हणावं.