साखरेच्या काचेतील कृत्रिम रक्त : रक्तदानाला पर्याय की केवळ जोड?

जीवरसायन : ‘कृत्रिम रक्ताची पूड आली की रक्तदान शिबिरे बंद करता येतील’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. ट्रेहालोज या साखरेच्या द्रावणात हिमोग्लोबिन (तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहणारे प्रथिन) मिसळून वाळवले, की साखरेचे स्फटिक न होता काच बनते आणि तिच्यात जखडलेली प्रथिने सहजी बिघडत नाहीत, इथवर खरे आहे. मात्र ओल शिरताच ही काच मऊ पडते. शिवाय खरी अडचण हिमोग्लोबिनची आहे : ते पेशीबाहेर मोकळे असले की रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषते आणि रक्तवाहिन्या आकसतात. अशा पर्यायांच्या चाचण्यांच्या 2008 मधील एकत्रित आढाव्यात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू वाढलेले आढळले होते. म्हणूनच अमेरिकेतील एरिथ्रोमर या प्रायोगिक कृत्रिम रक्तात हिमोग्लोबिन सूक्ष्म आवरणात बंदिस्त केले आहे.

पर्लकोटाकाठ : आपण पुण्या-मुंबईच्या रक्तपेढ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो. माझ्या वहिनीला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा ओठ पांढरे पडत चालले होते आणि परिचारिका पोटावर हात दाबून बसली होती. त्या गटाची पिशवी मात्र तेथे नव्हती. शीतकपाट नको, गट जुळवणे नको, अशी पूड आम्हाला हवी आहे.

रांगेतला : मुळात पिशवी असली तरी मिळते कुठे? वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ‘आधी बदली रक्तदाता आणा’ असे आम्हाला सुनावले गेले. नेत्यांच्या वाढदिवशी शिबिरांची झुंबड उडते, तांबड्या पेशी जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतात आणि मे महिन्यात पुन्हा टंचाई असतेच.

शिबिरवाला : हा आरोप संतापजनक आहे. आम्ही भर उन्हात दारोदार फिरून दाते गोळा करतो. तारखा वाटून घ्याव्यात हे मान्य करतो, परंतु वाढदिवसाला दिलेले रक्त कमी प्रतीचे ठरत नाही.

रांगेतला : प्रतीबद्दल मी बोललोच नव्हतो. नियोजनाबद्दल उत्तर द्या.

जीवरसायन : भामरागडचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तरीही हिमोग्लोबिनचे असे पर्याय शरीरात फार काळ टिकत नाहीत. शरीरात दिलेल्या जुन्या पर्यायांचा निम्मा भाग साधारण एका दिवसातच नाहीसा होत असे. त्यानंतर दात्याचेच रक्त लागणार.

पर्लकोटाकाठ : तो एक दिवसच तर आम्ही मागत आहोत. तेवढ्या वेळात पूर ओसरू शकतो, रुग्णाला गडचिरोलीला हलवता येते. शिबिरे बंद करा असे मी कुठेही म्हटलेले नाही.