प्रदर्शन केंद्र कुठंही बांधा, पण स्टेशनाच्या दारात बांधा

सेलूचा कास्तकार
मागच्या हिवाळ्यात गावातून आम्ही नऊ जण कृषी प्रदर्शन पाहायला नागपूरला गेलो. सेलू रोडला गाडीत चढलो, नागपूरला उतरलो, तोवर सगळं बरं होतं. पुढं मैदान गाठायला दोन ऑटो करावे लागले, आणि त्या ऑटोंचं भाडं नऊ जणांच्या रेल्वे तिकिटांपेक्षा जास्त झालं. परतताना ठिबकच्या नळीचे नमुने, बियाण्यांच्या पिशव्या आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन अंधारात रस्त्याच्या कडेला उभे होतो. सोबतच्या काकाजींनी तिथंच सांगून टाकलं, पुढच्या वर्षी मी येत नाही. चांगला जाणता कास्तकार, चाळीस वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कापूस, केलेला. प्रदर्शन त्याच्यासाठीच असतं ना?

नागपूरजवळ मोठं, कायमचं प्रदर्शन केंद्र हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं होतं. त्यांच्या मुलखात अजून मांडव ठोकायचा आणि उपटायचा, हे किती दिवस?

पण ते केंद्र स्टेशनाला लागून पाहिजे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बाहेर नॅशनल एक्झिबिशन सेंटर बांधलं, तेव्हा त्याच्यासाठी बर्मिंगहॅम इंटरनॅशनल हे वेगळं स्टेशन केलं. स्टेशन जानेवारी १९७६ मध्ये सुरू झालं, केंद्राचं उद्घाटन फेब्रुवारीत. आधी गाडी, मग गर्दी. फलाटावरून निघालेला माणूस छताखालच्या पुलानं सरळ दालनात पोचतो. दिल्लीत द्वारकेच्या यशोभूमी या प्रदर्शन केंद्राचंही तसंच. केंद्र आणि सेक्टर २५ चं मेट्रो स्टेशन, दोन्हीचं उद्घाटन १७ सप्टेंबर २०२३ या एकाच दिवशी. आपल्याकडं बुटीबोरी ते सिंदी या पट्ट्यात असं नवं स्टेशन का होऊ नये?

मूर्तिजापूरकर
भाऊ, काऊन नवं स्टेशन? आमचं होतं तेच नाई राह्यलं. मूर्तिजापुरातून एका अंगाले यवतमाळ आन दुसऱ्या अंगाले अचलपूर, अशी शकुंतला नावाची छोटी गाडी धावत होती. ते लाईन टाकली कायच्यासाठी? कापसासाठी. कापूस ट्रकवर गेला आन लाईन उपाशी पडली. माणसं बसत होती, पण माणसांसाठी तिची काळजी कोणी केलीच नाई. आज रुळात बाभळी उगवल्या हायत.

एका गिऱ्हाइकावर जगणारं स्टेशन त्या गिऱ्हाइकाबरोबर मरते, हे आम्ही डोळ्यांनी पाह्यलं. तुमचं प्रदर्शन वर्षातून किती दिवस चालन? बाकीचे दिवस त्या फलाटावर कुत्रे झोपतीन. कोरोनानंतर बारक्या स्टेशनावरचे कितीतरी थांबे गेले, ते पहिले परत मागा. कालेजच्या पोरी रोज जातात, त्याहिले गाडी पाह्यजे. पाहुण्याचं मंग पाहू.

अजनीचा रेल्वेवाला
दोघांनाही सांगतो, आधी लाईनचं दुखणं समजून घ्या. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे मार्ग नागपूर ते वर्धा एकाच वाटेनं जातात. तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम त्याच्यासाठीच काढलं आहे. अशा ठिकाणी मेन लाईनवर नवा थांबा दिला की मागच्या सगळ्या गाड्या अडतात. लूप लाईन, म्हणजे गाडी बाजूला घेऊन उभी करायची जादा लाईन पाहिजे, सिग्नल पाहिजे, गाडीच्या लांबीचे फलाट पाहिजेत. नुसता हॉल्ट दिला तर तिथं सिग्नल नसतो, तिकीट कमिशनवरचा एजंट विकतो. प्रदर्शनाच्या गर्दीला तो पुरायचा नाही, फलाटावर चेंगराचेंगरी व्हायची.

आणि दिल्लीचं उदाहरण दिलंच आहे तर पूर्ण द्या. तिथं शहराभोवती फिरणाऱ्या रिंग रेल्वेवर, प्रदर्शनाच्या मैदानाजवळ, प्रगती मैदान नावाचं स्टेशन आहे. ही रिंग रेल्वे १९७५ ची, १९८२ च्या एशियाडसाठी तिच्यावर गाड्या वाढवल्या. मैदानाला लागून स्टेशन, तरी प्रदर्शनाची गर्दी मेट्रोनं जाते. कारण लोकलच्या फेऱ्या मोजक्या, आणि स्टेशनांतून बाहेर पडल्यावर पुढं जायची नीट सोय नाही. फलाट बांधला म्हणजे स्टेशन झालं असं होत नाही, दर अर्ध्या तासानं गाडी आली तर स्टेशन.

म्हणून नवं स्टेशन काढू नका. जिथं आज लूप आहे, लोक रोज चढतात-उतरतात, तिथं केंद्राची जागा शोधा.

देवळीची बचत गटवाली
मी पाहणारी नाही, स्टॉल लावणारी आहे, म्हणून बोलते. आमच्या गटाचे पापड, कुरड्या, जवसाची चटणी, अंबाडीचं सरबत. एका प्रदर्शनाला सात-आठ खोकी होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब लाईन सुरू झाली, आमच्या देवळीत रेल्वे आली, त्या दिवशी आम्ही बाया मुद्दाम स्टेशनावर गेलो होतो. पण माल आजही भाड्याच्या छोट्या हत्तीतच जातो. चार दिवसांत जे कमावतो त्यातला मोठा वाटा गाडीवाल्याला.

अजनीवाले दादा, जागेचं तुमचं पटलं. फक्त स्टेशनातून केंद्रात न्यायच्या पुलाला नुसत्या पायऱ्या करून थांबू नका. डोक्यावर खोकं घेऊन जिना चढायचा आणि उतरायचा, कुरडईचा चुरा होतो. उतार पाहिजे, हातगाडी जाईल असा.

मूर्तिजापूरकर
ताई, तुमचं खरं हाय. पण तुमच्यासारख्या वर्षातून दोनदा जानाऱ्यासाठी इतका पैसा, आन रोजच्या मानसाले उभ्यानं जागा नाई, हे मले पटत नाई.

सेलूचा कास्तकार
दादा, शकुंतलेचं वाचून मी दोन दिवस विचार केला. कापसाची गोष्ट खरी आहे, माझ्या डोक्यात ती आली नव्हती. नवीन स्टेशनाची मागणी मी मागं घेतो. पण केंद्राची नाही. उलट बघा, केंद्र जर बुटीबोरीसारख्या चालत्या स्टेशनाला लागून झालं, तर त्याच्या गर्दीच्या जोरावर मेमूच्या, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या विजेवरच्या गाडीच्या, जास्त फेऱ्या मागता येतील. तिथं एमआयडीसीचा कामगार आहेच. त्याच फेऱ्यांत तुमच्या कालेजच्या पोरी बसतील. प्रदर्शन रस्त्यावर, दूर कुठं झालं तर त्या फेऱ्या मागायला तोंडच उरत नाही.

मूर्तिजापूरकर
फेऱ्या पहिले चालू करा, पाया मंग खोदा. उलटं झालं तर आमच्यासारखं व्हते. केंद्राच्या मागणीच्या अर्जात इतकं लिहून घेत असान तर मी तुमच्यासंग सही करतो.

देवळीची बचत गटवाली
सही माझीही घ्या. आणि एक लिहा. प्रदर्शन रात्री आठ-नऊपर्यंत चालतं, आवराआवरीत आम्हाला दहा होतात. शेवटची पॅसेंजर त्याच्यानंतर सुटली पाहिजे, आणि तिला पुढं देवळी-कळंबकडं जाणारा जोड पाहिजे. नाहीतर आम्ही वर्ध्याच्या फलाटावर खोक्यांवर बसून सकाळ काढणार.